तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही
परभणी तालुक्यातल्या पिंगळीचा कारभारही १९५८च्या महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियमानेच चालतो. ग्रामसभेला एकूण मतदारांपैकी १५ टक्के किंवा १००, यांतली जी संख्या कमी असेल तेवढे लोक हजर हवेत, हीच गणपूर्ती. ती झाली नाही की सभा तहकूब. खरी गंमत पुढे आहे: तहकूब सभा पुन्हा भरते तेव्हा गणपूर्तीची अटच नसते. बाकीचे पारावर गप्पा मारत बसले, तर वीस-पंचवीस जणही गावाच्या नावाने ठराव करून मोकळे होतात!

पंचायतीच्या मासिक सभेत निर्णय बहुमताने होतो. मते समसमान पडली तर अध्यक्षस्थानी असलेल्याचे, बहुधा सरपंचाचे, मत निर्णायक. ग्रामसभेला गेलात तर ठराव मोठ्याने वाचून घ्या, आणि इतिवृत्ताच्या कोऱ्या पानावर सही करू नका.