घाटकोपरची टेकडी आणि आकड्याखालची रेघ

12 जुलै 1949. पावसाळी ढग मुंबईवर पार खाली उतरले होते. दिल्लीहून सांताक्रूझला येणारे केएलएमचे ‘फ्रानेकर’ हे कॉन्स्टेलेशन विमान घाटकोपरच्या टेकडीवर आदळले आणि आतले सगळे, म्हणजे 45 जण, दगावले. त्यांत इंडोनेशियाचा दौरा आटोपून परतणारे 13 अमेरिकी पत्रकार होते. पुलित्झर विजेते एच. आर. निकरबॉकर त्यांपैकीच एक. टेकडीची उंची जेमतेम पावणेसातशे फूट.

आज अंधेरीच्या किंवा मुलुंडच्या एखाद्या फ्लॅटमध्ये फ्लाइट सिम्युलेटरपुढे जॉयस्टिक धरून बसलेला हौशी वैमानिक पूर्वेकडून मुंबईच्या 27 क्रमांकाच्या धावपट्टीवर उतरू पाहतो, तेव्हा तोही याच डोंगराळ बाजूने येत असतो. फरक एवढाच, की त्याच्यापुढे अ‍ॅप्रोच चार्ट, म्हणजे उतरण्याच्या मार्गाचा नकाशा, असतो आणि त्यावर ठिकठिकाणी उंचीचे आकडे छापलेले असतात. नवशिके गडबडतात ते इथेच.

आकड्याच्या खाली रेघ असेल, तर त्या बिंदूवर विमान तेवढ्या उंचीवर किंवा त्याहून वर असले पाहिजे. रेघ वर असेल, तर तेवढ्या उंचीवर किंवा त्याखाली. दोन्हीकडे असेल, तर नेमके तेवढ्यावर. यातली खालची रेघ सर्वांत महत्त्वाची, कारण तिच्या पोटात बहुधा एखादा डोंगर, मनोरा नाहीतर इमारत दडलेली असते. तो आकडा गाठलाच पाहिजे असे मात्र नाही. तीन हजार फुटांची किमान मर्यादा साडेतीन हजारांवरून ओलांडली, तरी नियम मोडत नाही. फक्त पुढे उतार गाठताना धावपळ होते; तीन अंशांच्या नेहमीच्या उतारावर दर सागरी मैलाला साधारण 320 फूट उतरायचे असते.

हे सगळे ऑटोपायलट सांभाळेल, अशी अनेकांची समजूत असते. एअरबस 320 मध्ये उंचीचा नॉब आत दाबला, तर संगणक वाटेतली बंधने पाळत विमान उतरवतो. तोच नॉब बाहेर ओढला, तर बंधनांकडे काणाडोळा करून निवडलेल्या उंचीपर्यंत विमान थेट खाली येते. चांगल्या सिम्युलेटरमध्ये हेही हुबेहूब घडते. माउसची एक चुकीची क्लिक पुरते.

त्याहून फसवा अल्टिमीटर. तो हवेच्या दाबावरून उंची सांगतो. जुलैत मुंबईवरचा दाब 1003 हेक्टोपास्कलच्या आसपास असू शकतो, आणि अल्टिमीटर प्रमाण दाबावर, म्हणजे 1013 वर, तसाच राहिला तर तो पावणेतीनशे-एक फूट जास्त दाखवतो. काट्यावर हजार फूट दिसत असताना विमान असते सव्वासातशेच्या आसपास. घाटकोपरच्या टेकडीशी हा हिशेब ताडून पाहावा. मायक्रोसॉफ्टच्या सिम्युलेटरमध्ये ‘बी’ हे बटण दाबले की स्थानिक दाब लागतो. सोय छान, पण सवय वाईट. आकडा स्वतः बसवून पाहिलेला बरा.

उंची बरोबर असूनही ठिकाण चुकू शकते. 7 जुलै 1962 च्या रात्री अलिटालियाचे डीसी-8 मुंबईकडे येत होते. आपण विमानतळाच्या जवळ पोहोचलो, असे समजून वैमानिक लवकर खाली आला आणि विमान जुन्नरजवळच्या डोंगरावर आदळले. 94 जण ठार झाले. विमानतळ तिथून ऐंशीहून अधिक किलोमीटर दूर होता. म्हणूनच चार्टवर प्रत्येक उंची ठरावीक बिंदूला बांधलेली असते, आणि तो बिंदू ओलांडल्याखेरीज पुढची पायरी उतरायची नसते.

शेवटची मर्यादा निर्णयाची. सर्वसाधारण आयएलएसवर, म्हणजे रेडिओ संकेतांच्या आधारे उतरवणाऱ्या यंत्रणेवर, जमिनीपासून सुमारे 200 फुटांवर धावपट्टी किंवा तिचे दिवे दिसले नाहीत, तर इंजिनांना जोर देऊन पुन्हा वर जायचे. सिम्युलेटरवाले नेमके इथेच ‘बघू, दिसेल’ म्हणत आणखी खाली जातात.