ससा पोचला की डाव संपला

हॉस्टेलच्या जवळपास प्रत्येक मजल्यावर बुद्धिबळाचा एक पट असतोच. घडी घालून कपाटावर टाकलेला, एखादं प्यादं हरवलेलं आणि त्याच्या जागी पेनाचं टोपण. याच पटावर, याच सोंगट्यांनी आणखी एक खेळ खेळता येतो, हे मात्र फार जणांना माहीत नसतं. त्या खेळात राजा नाही, वजीर नाही, शह नाही, मात नाही. हत्ती, उंट, घोडा आहेत, पण आपल्या ओळखीच्या चाली ते चालत नाहीत. शिवाय कुत्रा आहे, मांजर आहे आणि आठ ससे आहेत. पटावर सगळ्यांत दुबळा ससा, आणि डाव जिंकून देतो तोही ससाच.

खेळाचं नाव अरिमा. लहान मुलाला कळेल इतका सोपा आणि कॉम्प्युटरला घाम फुटेल इतका अवघड, अशा दोन अटी डोक्यात ठेवून तो मुद्दाम बनवला गेला. दुसऱ्या अटीने मशीनला तब्बल तेरा वर्षं दाराबाहेर उभं ठेवलं.

कास्पारोव हरला, तिथून सुरुवात

मे १९९७. न्यूयॉर्कमध्ये आयबीएमच्या डीप ब्लू या कॉम्प्युटरने जगज्जेत्या गॅरी कास्पारोवला सहा डावांच्या लढतीत साडेतीन-अडीच असं हरवलं. डीप ब्लू सेकंदाला सुमारे वीस कोटी स्थिती तपासायचा. तो जिंकला याचा अनेकांनी लावलेला अर्थ सरळ होता: बुद्धीचा सगळ्यांत मोठा खेळ आता माणसाच्या हातून गेला.

ओमर सय्यद या भारतीय वंशाच्या अमेरिकन कॉम्प्युटर इंजिनिअरला वेगळाच प्रश्न पडला. त्यांचा अभ्यास कृत्रिम बुद्धिमत्तेचा. मशीन हुशार झालं म्हणून जिंकलं, की बुद्धिबळाचे नियमच मशीनच्या सोयीचे आहेत म्हणून? हे तपासायचं तर वेगळा खेळ हवा. पण नियमांचं जाडजूड पुस्तक करून खेळ अवघड करण्यात काही गंमत नाही. म्हणून त्यांनी स्वतःला अट घातली: बुद्धिबळाचा साधा सेट पुरला पाहिजे आणि चार वर्षांच्या आमिरला, म्हणजे त्यांच्या मुलाला, नियम कळले पाहिजेत. खेळाचं नावही त्याच्यावरूनच आलं. आमिरची इंग्रजी अक्षरं उलटी लिहायची, पुढे एक 'ए' जोडायचा, झालं 'अरिमा'.

२००२ मध्ये नियम जाहीर झाले आणि सोबत दहा हजार डॉलरचं बक्षीसही. बाजारात मिळणाऱ्या साध्या कॉम्प्युटरवर चालणाऱ्या प्रोग्रॅमने तीन अव्वल माणसांना, प्रत्येकाला तीन डावांच्या लढतीत हरवायचं. मुदत २०२० पर्यंत.

सहा प्राणी, चार सापळे

दोन खेळाडू, एक सोनेरी आणि एक चंदेरी. आपल्या सेटमध्ये पांढरा आणि काळा. प्रत्येकाकडे सोळा सोंगट्या: एक हत्ती, एक उंट, दोन घोडे, दोन कुत्रे, दोन मांजरं आणि आठ ससे. ताकदीचा क्रमही हाच. हत्ती सगळ्यांना भारी, ससा कुणालाच नाही.

आता खरी मजा. सेटमधला राजा इथे हत्ती होतो आणि वजीर उंट. इथपर्यंत ठीक. पण आपण ज्याला हत्ती म्हणतो तो इथे घोडा, आपला उंट तो कुत्रा आणि आपला घोडा ते मांजर! प्यादी म्हणजे ससे. इंग्रजीत बुद्धिबळ शिकलेल्यांना हा त्रास नाही, कारण त्यांच्याकडे हत्तीच्या जागी किल्ला आणि उंटाच्या जागी बिशप असतो. मराठी मंडळींचा पहिला अर्धा तास मात्र 'अरे, तो हत्ती नाही, घोडा आहे' यात जाऊ शकतो. सोंगट्यांना प्राण्याच्या नावाच्या छोट्या चिठ्ठ्या चिकटवल्या की काम भागतं.

पट तोच, आठ बाय आठचा. त्यावर चार सापळे असतात. कोणत्याही कोपऱ्यापासून आडवं तिसरं आणि उभंही तिसरं जे घर, तो सापळा. चार कोपरे, चार सापळे. पेन्सिलने फुली मारा.

सुरुवातीला पट रिकामा असतो. सोनेरी खेळाडू आपल्या दोन रांगांत सोंगट्या हव्या तशा मांडतो. ते पाहून मग चंदेरी आपल्या दोन रांगा मांडतो. एका बाजूची मांडणीच ६ कोटी ४८ लाख ६४ हजार ८०० प्रकारे होऊ शकते. म्हणजे बुद्धिबळासारखी ओपनिंग घोकून आलेल्याला इथे फारसा फायदा नाही.

पहिली खेळी सोनेरीची. जिंकायचं कसं? तुमचा एक ससा समोरच्याच्या शेवटच्या रांगेत पोचला की डाव तुमचा. समोरच्याचे आठही ससे संपले किंवा त्याला एकही चाल उरली नाही, तरीही तुम्हीच जिंकलात. अरिमात बरोबरी नसते.

हे शब्द आले की खेळ आला

पाऊल: शेजारच्या रिकाम्या घरात जाणं. पुढे, मागे, डावीकडे किंवा उजवीकडे, तिरकं नाही. सगळे प्राणी असेच चालतात, फक्त ससा स्वतःहून मागे येऊ शकत नाही. एका खेळीत एक ते चार पावलं मिळतात. चारही एकाच सोंगटीने टाका, नाहीतर चौघांत वाटा. पण खेळीनंतर पट पहिल्यासारखाच राहिला, असं चालत नाही.

ढकलणं: शेजारी समोरच्याची दुबळी सोंगटी असेल, तर तिला तिच्या लगतच्या कोणत्याही रिकाम्या घरात सरकवायचं आणि आपण तिच्या जागी जायचं. खर्च दोन पावलं.

ओढणं: याच्या उलट. आपण शेजारच्या रिकाम्या घरात सरकायचं आणि त्या दुबळ्या सोंगटीला आपण सोडलेल्या घरात ओढून घ्यायचं. खर्च तोच. ससा स्वतः मागे येत नसला, तरी समोरचा त्याला मागे ढकलू किंवा ओढू शकतो.

गोठणं: समोरच्याची बलवान सोंगटी शेजारी येऊन उभी राहिली की आपली सोंगटी गोठते, जागची हलू शकत नाही. पण शेजारी आपलीच कुणी सोंगटी असेल, अगदी ससा का असेना, तर गोठत नाही. हत्तीपेक्षा बलवान कुणीच नाही, म्हणून हत्ती कधीच गोठत नाही.

सापळा: सापळ्याच्या घरात असलेल्या सोंगटीच्या शेजारी तिच्या बाजूचं कुणी नसेल, तर ती पटावरून बाद. सोंगटी मारण्याचा हा एकच मार्ग आहे. इथे कुणी कुणाला थेट 'खात' नाही. आणि सापळा कुणाच्या मालकीचा नाही. घाईत आपलीच आधार देणारी सोंगटी बाजूला घेतली, तर आपलाच घोडा जातो.

एक खेळी करून पाहू. तुमचा कुत्रा सापळ्याच्या शेजारच्या घरात एकटा उभा आहे. पहिल्या पावलात माझा घोडा त्याला येऊन भिडतो. दुसऱ्या आणि तिसऱ्या पावलात तो कुत्र्याला सापळ्यात ढकलतो आणि त्याच्या घरात जातो. सापळ्याभोवती तुमचं कुणी नाही, कुत्रा गेला. माझं एक पाऊल अजून शिल्लक आहे. त्या कुत्र्याला वाचवायला फार काही लागलं नसतं. सापळ्याला लागून एक ससा उभा असता, तरी पुरे होतं.

ओलीस: खेळाचं खरं पाणी इथे कळतं

नियमात नसलेला, पण खेळाडूंच्या तोंडी कायम असलेला शब्द म्हणजे ओलीस. समजा, माझ्या उंटाने तुमच्या घोड्याला ओढत माझ्या बाजूच्या सापळ्याजवळ आणलं आणि तिथेच दाबून धरलं. मी त्याला मारत नाही, नुसता धरून ठेवतो. आता मी तो कधीही सापळ्यात ढकलू शकतो, म्हणून तुमच्या हत्तीला त्या सापळ्याशेजारी पहाऱ्याला उभं राहावं लागतं. हत्ती हलला की घोडा गेला. तुमचा सगळ्यांत बलवान मोहरा एका घोड्यापायी अडकला आणि माझा हत्ती उरलेल्या पटावर मोकळा फिरतोय.

पटावरच्या सोंगट्या मोजल्या तर दोघांकडे सोळा-सोळाच. पण चार मिनिटं पट पाहिलेला माणूस सांगेल की एक बाजू अडचणीत आहे. घोडा सोडून द्यावा की हत्ती अडकवून ठेवावा? याचं उत्तर पाच-दहा खेळ्यांनंतर दिसतं.

मशीन कुठे अडलं?

बुद्धिबळात एका वेळी सरासरी सुमारे ३५ चाली शक्य असतात. माझी एक आणि तुमची एक धरली, तर साधारण बाराशे शक्यता. अरिमात चार पावलं असल्याने एका खेळीचेच सरासरी सुमारे सतरा हजार पर्याय होतात. माझी एक, तुमची एक म्हटलं की आकडा २९ कोटींच्या आसपास जातो. डीप ब्लूची ताकद होती पुढच्या शक्यता भराभर तपासण्यात. इथे दोन खेळ्यांतच ढीग इतका वाढतो की ओलिसाचा परिणाम दिसेल तिथवर मशीनची नजर जातच नाही. माणूस मात्र सतरा हजार पर्याय पाहतच नाही. 'तो हत्ती अडकलाय, म्हणजे दुसऱ्या बाजूने जायचं' एवढंच तो पाहतो.

२००४ च्या पहिल्या आव्हानात बॉम्ब नावाचा प्रोग्रॅम समोर होता आणि माणसांच्या बाजूने स्वतः सय्यद बसले. अधिकृत आठही डाव सय्यद यांनी जिंकले. पुढची दहाएक वर्षं वेगवेगळे प्रोग्रॅम येत राहिले, दरवर्षी सुधारत राहिले आणि बक्षीस तसंच राहिलं.

कोडं सोडवलं एका विद्यार्थ्याने

डेव्हिड वू हा हार्वर्डमध्ये पदवीचं शिक्षण घेत होता. २०११ मध्ये त्याने आपला प्रबंधच अरिमावर लिहिला. त्याने मुद्दा अचूक पकडला होता: सगळ्या खेळ्या वेगाने पाहण्यापेक्षा पाहण्यासारख्या खेळ्या कोणत्या, हे प्रोग्रॅमला शिकवायचं. त्यासाठी अनुभवी माणसांनी खेळलेले डाव घेतले आणि त्यावरून खेळ्यांची क्रमवारी लावायला शिकवलं. जे वाया जाणारं आहे ते आधीच बाजूला. त्याचा प्रोग्रॅम शार्प. २०१५ मध्ये शार्पने तिन्ही माणसांना हरवलं, नऊपैकी सात डाव जिंकले आणि मुदतीच्या पाच वर्षं आधी बक्षीस नेलं. पुढच्याच वर्षी, २०१६ मध्ये, अल्फागोने 'गो' या खेळात ली सेडोलला ४-१ असं हरवलं. वू स्वतःही पुढे 'गो'कडे वळला. त्या खेळातला काटागो हा आज जगभर वापरला जाणारा प्रोग्रॅम त्याचाच.

म्हणजे सय्यद हरले का? वरवर पाहिलं तर हो. पण वेगाने मोजणं आणि नेमकं काय मोजायचं हे ओळखणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे या आव्हानामुळे डोळ्यांसमोर आलं. ते आधी एका विद्यार्थ्याला उमगलं. मग त्याचं मशीन जिंकलं, तेही माणसांच्या डावांवर शिकून.

मग आपण कशाला खेळायचं?

हा प्रश्न आज फक्त खेळापुरता राहिलेला नाही. असाइनमेंट, कोड, भाषांतर, डिझाइन, सगळीकडे तो येतो: मशीनला माझ्यापेक्षा चांगलं येतं, मग मी का शिकू? बुद्धिबळाच्या पटावर हा प्रश्न १९९७ मध्येच येऊन गेला. नागपूरच्या दिव्या देशमुखचा जन्म २००५ चा, म्हणजे कास्पारोव हरल्यानंतर आठ वर्षांनी. ती पट शिकली तेव्हा कॉम्प्युटर माणसाच्या खूप पुढे गेलेला होता. तरी ती शिकली, आणि जुलै २०२५ मध्ये जॉर्जियातल्या बाटुमी शहरात कोनेरू हंपीला हरवून तिने महिला विश्वचषक जिंकला. आज मोठ्या स्पर्धांची तयारी इंजिनशिवाय होत नाही. पण घड्याळ सुरू झालं की इंजिन खोलीच्या बाहेर राहतं आणि समोरचा डाव स्वतःच्याच डोक्याने खेळावा लागतो. अरिमाचंही तसंच. २०१५ नंतरही माणसांच्या स्पर्धा सुरूच राहिल्या.

आज रात्री खेळायचं असेल तर दोन-तीन गोष्टी लक्षात ठेवा. हत्ती पहिल्या डावात पटाच्या मधल्या भागात ठेवा, कोपऱ्यात गेला तर त्याचा धाक संपतो. तुमच्या बाजूच्या दोन्ही सापळ्यांजवळ एक-एक मांजर किंवा कुत्रा राहू द्या. उंटाला समोरच्या हत्तीच्या वाटेत एकटं सोडू नका, ओलीस जाईल. आणि सशांना पुढे पळवण्याची घाई नको. समोर चार पावलांवर शेवटची रांग दिसली की हात शिवशिवतात, पण निघालेला ससा परत येत नाही.

हरवलेल्या प्याद्याच्या जागचं पेनाचं टोपण ससा म्हणून चालेल.