लोखंड वाटता येतं, गिऱ्हाईक नाही

हा भाग वाचणाऱ्यांसाठी लिहून काढलाय. मागे लाटांचा आवाज होता, तो इथे नाही. बाकी सगळं तेच.

मी सध्या आंजर्ल्याला घरून काम करतोय. परवा शेजारचे काका अंगणात आले. होमस्टेच्या पाहुण्यांना आणायला-सोडायला त्यांना जुनी मोटार घ्यायचीय. एक फार स्वस्तात मिळतेय, पण बनवणारी परदेशी कंपनी आता इथे मोटारी विकत नाही. "तू इंजिनियर ना रे? घेऊ का सांग." काका, मी कोड लिहितो, बोनेट उघडत नाही! पण प्रश्न दोन मोसमांच्या कमाईचा होता. म्हणून वाचायला बसलो. अशा कंपन्या येतात, इथल्या कंपनीशी हात मिळवतात आणि तरी का फसतात?

दोन्ही उदाहरणं आपल्या महाराष्ट्रातलीच आहेत.

पहिलं नाशिकचं. २००५मध्ये महिंद्रा आणि फ्रान्सची रेनॉ एकत्र आल्या. महिंद्राचा वाटा ५१ टक्के, रेनॉचा ४९. २००७मध्ये लोगन आली. प्रशस्त, दणकट गाडी. खर्च वाचवायला दोन्ही बाजूंचे आरसेसुद्धा एकाच साच्यातले! पण तिचा आराखडा आधीच, युरोपात ठरलेला. इकडे २००६च्या अर्थसंकल्पात चार मीटरपेक्षा आखूड, लहान इंजिनाच्या मोटारींवरचा अबकारी कर २४ वरून १६ टक्के झाला. लोगन चार मीटरहून लांब, म्हणजे सवलत नाही. शिवाय आपल्याकडे डिकीवाली गाडी घेणाऱ्याला थोडा रुबाबही हवा असतो, आणि लोगन दिसायला खोक्यासारखी. २०१०मध्ये रेनॉनं आपला वाटा महिंद्राला विकला. लोगनची 'व्हेरिटो' झाली.

आता गंमत बघा. २०१२मध्ये रेनॉनं स्वतःच्या नावानं डस्टर आणली, चेन्नईत बनवून. सांगाडा लोगनच्याच कुटुंबातला. ती मात्र धडाक्यात चालली! म्हणजे लोखंड वाईट नव्हतं.

दुसरं उदाहरण पुण्याजवळच्या रांजणगावचं. इटलीची फियाट तेव्हा जेमतेम सावरत होती. तिनं टाटांशी दोन करार केले. एक, २००६पासून फियाटच्या गाड्या टाटांच्या शोरूममध्ये विकायच्या. दोन, रांजणगावचा कारखाना निम्मा-निम्मा चालवायचा.

शोरूमचा करार फसला. २००९मध्ये फियाटची लिनिया आली आणि त्याच वर्षी टाटांची मांझा. दोन्हींत डिझेल इंजिन मुळात एकच, फियाटचं. मग एकाच छपराखाली गिऱ्हाईक विचारणारच ना, "इंजिन तेच, तर जास्त पैसे कशाला?" यावर विक्रेता काय बोलणार? २०१२मध्ये विक्री वेगळी करायचं ठरलं. पुढे फियाटचं नावच इथल्या बाजारातून गेलं.

कारखाना मात्र टिकला. तिथून टाटांची नेक्सॉन निघते आणि २०१७पासून जीप कंपासही.

आम्ही कोडवाले म्हणू, बॅकएंड शेअर करा, बिनधास्त. इंजिन, प्रेस, पेंट शॉप, सगळं वाटून घेता येतं, कारण तिथे दोघांचा फायदा एकच असतो, खर्च कमी. पण गिऱ्हाईक वाटायची वेळ आली की प्रत्येकाला आपलीच गाडी खपवायची असते. त्यात एक भागीदार अडचणीत असेल तर त्याच्याकडे थांबायला वेळ नसतो आणि नवा, इथल्या मापाचा आराखडा करायला पैसा नसतो. तिकडचीच गाडी इकडे येते.

मग काकांना काय सांगितलं? कंपनी गेली म्हणून गाडी लगेच बाद होत नाही. तीन गोष्टी विचारा. तिचं इंजिन आणखी कोणत्या गाडीत आहे? सुटे भाग आज कोण पुरवतं? आणि दापोलीत ती उघडणारा मेकॅनिक आहे का?

काका म्हणाले, "तिसरा प्रश्न आधी विचारतो." आज सकाळी ते दापोलीला गेलेत. काय झालं ते पुढच्या भागात सांगतो.