पिल्ले मे महिन्यात आणली, तिथेच चुकलो



1 जून ते 31 जुलै. हे 61 दिवस कसे जातात हे आपल्याला कोणी सांगायला नको. ट्रॉलर जेटीला बांधलेले, जाळी दुरुस्तीला, खलाशी गावी गेलेले, आणि बँकेचा हप्ता मात्र बंदी पाळत नाही. म्हणून गेल्या वर्षी आपल्या संस्थेतल्या काही घरांनी मिळून परसातल्या सुधारित कोंबड्या घेतल्या. त्याचं काय झालं हे बरेच जण विचारतात. खरं ते सांगतो, चुकांसकट.

आपली गावठी कोंबडी वर्षाला साधारण 50-60 अंडी देते. मध्येच खुडूक बसते, पिल्ले फिरवते, तेवढे महिने अंडी बंद. हैदराबादला राजेंद्रनगर येथे केंद्र सरकारचे कुक्कुट संशोधन संचालनालय आहे. तिथे वनराजा आणि ग्रामप्रिया या जाती तयार झाल्या. रंगीत पिसांच्या, दिसायला गावठीसारख्या, परसात चरून वाढणाऱ्या. वनराजा अंडी आणि मांस दोन्हीसाठी, परसात वर्षाला शंभर-एकशेदहा अंडी. ग्रामप्रिया मुख्यतः अंड्यांची, नीट सांभाळली तर 160 ते 180. अंडं तपकिरी आणि गावठीपेक्षा मोठं. दहा ग्रामप्रिया असतील आणि अंड्याला दहा रुपये धरले, तर वर्षाचे सोळा ते अठरा हजार कागदावर दिसतात. कागदावर म्हणतो, कारण मुंगूस आणि घार कागद वाचत नाहीत.

आम्ही पिल्ले आणली मे महिन्यात. हिशेब असा, की बंदीत माणसं घरी असतात, लक्ष देतील. लक्ष दिलं, पण या कोंबड्या अंड्यावर यायला साडेपाच-सहा महिने लागतात. म्हणजे हात रिकामा असताना जून-जुलैत खाद्याचा खर्च आमच्या अंगावर, आणि अंडी सुरू झाली नोव्हेंबरात, जेव्हा होड्या समुद्रात आणि घरात बांगडे! बंदीच्या दिवसांत अंडी हवी असतील तर पिल्ले डिसेंबरच्या सुरुवातीला घरात यायला हवीत. एवढं साधं गणित आम्ही केलं नव्हतं.

दुसरी चूक जास्त महाग पडली. पहिले काही आठवडे पिल्लांना ऊब लागते. एका घरी बल्ब लावला होता, पहिल्याच मोठ्या पावसात रात्री वीज गेली. सकाळी वहिनींनी खोका उघडला तर थंडीने सगळी पिल्ले एका कोपऱ्यात एकमेकांवर चढलेली, खालची चिरडून मेलेली. त्या दिवशी त्या घरात कोणी चहा घेतला नाही. डिसेंबरात पाऊस नसतो, वीजही कमी जाते, हा आणखी एक फायदा. तरी कोळशाची शेगडी तयार ठेवायचीच, फक्त धूर कोंडणार नाही असं बघायचं. खाली भाताचा तूस कोरडा हवा. ओल आली की रक्ती हगवण लागते.

खाद्याच्या बाबतीत आपण शेतकऱ्यांपेक्षा नशीबवान, पण जपून. माशाची आतडी-डोकी उकडून कोंड्यात थोडी मिसळली तर चांगली. जास्त झाली की अंड्याला हिवसाण वास येतो आणि गिऱ्हाईक परत येत नाही. खारवलेल्या सुक्या मासळीचा चुरा मात्र अजिबात घालू नका, मीठ कोंबडीला विष आहे. तिसऱ्यांची शिंपले आपण उकिरड्यावर फेकतो. ती धुवून, वाळवून, कुटून एका करवंटीत ठेवा. कवच पातळ येण्याची तक्रार आमच्याकडे त्यानेच थांबली.

लस न देता मानमोडी आली तर खुराडं रिकामं होतं, हे जुन्या बायकांना माहीत आहे. पहिली लस पाचव्या ते सातव्या दिवशी, गंबोरोची चौदाव्याच्या सुमारास, मग अठ्ठाविसाव्या दिवशी मानमोडीची पुन्हा, आठव्या आठवड्यात मोठी. पुढचं जनावरांच्या डॉक्टरांना विचारून. अडचण ही, की एका कुपीत शंभर किंवा जास्त पक्ष्यांची लस असते आणि ती कालवल्यावर तास-दोन तासांत संपवावी लागते. दहा पिल्लांसाठी कोण फोडणार? म्हणून सगळ्या घरांनी एकाच दिवशी पिल्ले घ्यायची आणि एकाच सकाळी लस द्यायची. लस बर्फात आणायची असते. बर्फ सांभाळायला आपल्याला कोणी शिकवायला नको.

आता पैदाशीचं. अनेकांनी विचारलं, घरच्याच अंड्यांतून पिल्ले काढली तर? एक तर या कोंबड्या सहसा खुडूक बसत नाहीत. दुसरं म्हणजे वनराजा दोन वेगळ्या वंशांच्या संकरातून होते, तिची पिल्ले आई-बापासारखी निघत नाहीत, पुढच्या पिढीत अंडी घटतात. आमच्या एका सभासदाच्या आईने वेगळी वाट काढली. घरच्या गावठी तलंगा ठेवल्या, फक्त कोंबडा सुधारित ठेवला. आठ-दहा कोंबड्यांमागे एक कोंबडा पुरतो. अंडी गावठीनेच उबवली, 21 दिवसांनी पिल्ले. ती अंगाने गावठीपेक्षा भरतात, आणि वीज लागत नाही, ऊब द्यायला आई असते. मात्र त्याच कोंबड्याला त्याच्या लेकींवर ठेवायचं नाही, शेजाऱ्याशी अदलाबदल करायची. आम्हाला ही पद्धत जास्त पटली. अंडी ग्रामप्रियाएवढी मिळणार नाहीत, पण दरवेळी पिल्ले विकत आणायला नकोत.

डिसेंबरच्या पिल्लांतले नर शिगम्यापर्यंत विकायला येतात, काही राखणीला जातात. चांगला कोंबडा असेल तर जूनपर्यंत थांबा, मासळी महागली की भाव मिळतो. श्रावण लागायच्या आत मात्र विका. त्यानंतर चतुर्थी होईपर्यंत कोणी विचारत नाही.

कडकनाथचं काय, असंही विचारतात. पक्षी चांगला, झाबुआचा, 2018 मध्ये त्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. पण अंडी कमी. आणि "पिल्ले घ्या, आम्ही परत विकत घेऊ" म्हणणाऱ्यांपासून लांब राहा. 2019 मध्ये सांगली-कोल्हापूरकडच्या किती शेतकऱ्यांचे पैसे त्यात अडकले ते आठवा.

यंदा पिल्लांसाठी जुने गोवे, एला येथील केंद्रीय संशोधन संस्थेत आणि पशुसंवर्धन खात्यात आम्ही आधी चौकशी करणार आहोत. ज्यांना घ्यायची आहेत त्यांनी दिवाळीपूर्वी कार्यालयात नाव द्यावं. एका घराला दहा ते पंधराच. खुराडं आधी बांधून झालेलं हवं, जाळी खालून दगडाने दाबलेली. आम्ही येऊन बघू, मगच नाव यादीत.