मिक्सिंगच्या टेबलावरची वीस वर्षं

मोहाडीत लग्नाचं शूटिंग करणाऱ्याला लोक अजूनही ‘मिक्सिंग कधी होणार?’ असंच विचारतात; मिक्सिंग म्हणजे एडिटिंग. भंडारा-तुमसर रस्त्यावरच्या या गावात हा धंदा चालतो तो लगीनसराई, चौंडेश्वरी मातेची नवरात्र आणि दिवाळीनंतरच्या मंडया, म्हणजे गावजत्रा, यांच्यावर. कामं साचली की टेबलावर एकच विषय निघतो: प्रोसेसर बदलायचा का? वीस वर्षांचे हे निर्णय आज ओळीने पाहिले की दिसतं, बहुतेक वेळा उत्तर कॅमेऱ्यानेच ठरवलेलं होतं.

मिनीडीव्ही टेपच्या काळात प्रोसेसर बदलण्याची गरज फारशी नव्हती. तासाभराचं चित्रण हार्ड डिस्कवर साधारण 13 जीबी जागा घ्यायचं, पण त्यातली प्रत्येक फ्रेम स्वतंत्र असायची. त्यामुळे पेंटियम 4 वरसुद्धा कापाकापी सुरळीत व्हायची. फायरवायरने टेप उतरवायला तासाला तासच लागायचा, मशीन कितीही भारी असो. डीव्हीडीचं रेंडर रात्री लावून झोपता यायचं. नुकसान व्हायचं ते भारनियमनाने. पहाटे वीज गेली की रात्रभराचं रेंडर वाया. म्हणून 2006 साली कोअर 2 डुओ आला तेव्हा ज्यांनी जुनंच मशीन ठेवून चांगला इन्व्हर्टर घेतला, ते शहाणे ठरले.

मग मेमरी कार्ड आलं आणि सगळं उलटलं. 2006 मध्ये सोनी आणि पॅनासॉनिक यांनी एव्हीसीएचडी हा प्रकार आणला, 2008 मध्ये कॅननचा फाइव्ह-डी मार्क टू आला, आणि पुढच्या काही वर्षांत लग्नांत डीएसएलआर दिसू लागले. फाइल लहान, चित्र सुरेख. पण टाइमलाइनवर ठेवलं की अडकायचं. या फाइलमध्ये पूर्ण फ्रेम अधूनमधून एखादीच असते. मधल्या फ्रेममध्ये फक्त काय बदललं त्याची नोंद असते. तुम्ही वरातीतल्या एका क्षणावर बोट ठेवलं की तो दाखवण्यासाठी प्रोसेसरला मागच्या-पुढच्या फ्रेम उलगडून घ्याव्या लागतात. एडियस हे एडिटिंग सॉफ्टवेअर वापरणारे क्लिप आधी कॅनोपस एचक्यू या हलक्या प्रकारात बदलून घेत. काम हलकं व्हायचं, पण हार्ड डिस्क भराभर भरायची. जानेवारी 2011 मध्ये इंटेलच्या दुसऱ्या पिढीचे कोअर प्रोसेसर आले, त्यांत व्हिडिओ उलगडण्या-बांधण्यासाठी क्विक सिंक हा वेगळा भाग होता. त्यासाठी मदरबोर्ड नवा, डीडीआर2 रॅम काढून डीडीआर3 नवी, म्हणजे खर्च तिप्पट. तरीही माझं ठाम मत आहे की सगळं मशीन बदलणं पूर्णपणे सार्थकी लागलं ते याच वेळी.

2017 ला प्रश्न थोडा वेगळा होता. मार्चमध्ये एएमडीचे रायझन आले, आठ कोअर आवाक्यात आले. इंटेलने ऑक्टोबरमध्ये सहा कोअर दिले, पण सॉकेटचं नाव तेच असूनही जुन्या बोर्डवर ते चालेनात. रायझनसाठी एएमडीचा एएम4 सॉकेटचा बोर्ड घेणाऱ्यांचं मात्र भलं झालं: बायोस अपडेट करून त्याच बोर्डवर, त्याच रॅमसह, पुढे 5000 मालिकेचा प्रोसेसर बसला. मंडईतली दंडार, म्हणजे लोकनाट्य, रात्रभर चालते. तिचं तीन कॅमेऱ्यांचं फोर-के एकाच वेळी टाइमलाइनवर ठेवायचं तर हे जादा कोअर कामी येतात. आणि तरीही अडलं तर प्रॉक्सी, म्हणजे हलक्या प्रती करून काम करणं, हा फुकटचा उपाय आहेच. तो न वापरता नवा प्रोसेसर घेणारे पाहिले की जीव हळहळतो.

अलीकडचा पेच सगळ्यात फसवा. सुरुवात रंगापासून होते. आंधळगावचं कोसा रेशीम मोहाडी तालुक्यातलंच. त्याचा नैसर्गिक सोनेरी रंग आठ बिटमध्ये, म्हणजे प्रत्येक रंगाच्या 256 छटांत, ताणला की पट्टे उमटतात. दहा बिटमध्ये 1024 छटा मिळतात. म्हणून सोनी ए-सेव्हन-फोरसारखे कॅमेरे दहा बिट 4:2:2 वर, म्हणजे रंगाची जास्त माहिती ठेवणाऱ्या प्रकारावर, लावणं योग्यच. पण हे चित्रण बहुतेक ग्राफिक्स कार्डांना स्वतः उलगडता येत नव्हतं. एचईव्हीसी (एच.265) प्रकारातलं असेल तर इंटेलच्या अकराव्या पिढीपासूनचं अंगभूत ग्राफिक्स ते सहज उलगडतं. सोळा कोअर घेऊनही टाइमलाइन अडखळणारा आणि साध्या आय-फाइव्हवर सुरळीत काम करणारा, यांच्यातला फरक एवढाच. खरेदी करताना नावामागचं ‘एफ’ अक्षर बघा. तो प्रोसेसर स्वस्त मिळतो, कारण त्यात अंगभूत ग्राफिक्सच नसतं.

2025 मध्ये एनव्हिडियाच्या आरटीएक्स 50 मालिकेत 4:2:2 उलगडण्याची सोय आली, एच.264 आणि एचईव्हीसी दोन्हींसाठी. म्हणजे एएम4 वर आठ कोअर असलेल्याला नवा बोर्ड, नवी डीडीआर5 रॅम हे सगळं न करता फक्त कार्ड बदलून काम भागवता येतं. पॉवर सप्लाय तेवढा पुरेसा हवा. खरेदीसाठी नागपूरला जाण्याआधी आपल्याच कॅमेऱ्याच्या दोन-चार जड क्लिप सोबत घ्या, आणि पैसे देण्याआधी दुकानातल्या मशीनवर त्या चालवून बघण्याचा हट्ट धरा.