अदृश्य किरणांची मोजदाद

डहाणूहून आगगाडीनें दक्षिणेकडे निघालें म्हणजे वाणगांवनंतर बोईसर लागतें. तेथून जवळच, समुद्रकिनाऱ्यावर, तारापूरचें अणुविद्युत्केंद्र आहे. भारतांतील हें पहिलेंच. १९६९ सालीं तें सुरू झालें. तेव्हां आमच्या डहाणू-तलासरीकडील वडीलधाऱ्या मंडळींच्या मनांत एक प्रश्न येणें साहजिक आहे: जे किरण डोळ्यांस दिसत नाहींत, ज्यांस वास नाहीं कीं रुचि नाहीं, ते ओळखावे कसे? याचें उत्तर एका नळींतील थोड्याशा वायूपाशीं आहे.

वायु साधारणतः विजेस वाट देत नाहीं. परंतु किरणोत्सर्गी पदार्थाचा किरण त्यांतून गेला म्हणजे तो अणूंतील इलेक्ट्रॉन उडवून लावतो, व धन आणि ऋण विद्युत्कण उत्पन्न होतात. १९०८ सालीं रदरफोर्ड व गायगर यांनीं मँचेस्टर येथें या गुणाचा उपयोग करून एक एक कण मोजला. पुढें १९२८ सालीं गायगर व त्याचा शिष्य म्युलर यांनीं हल्लींची नळी सिद्ध केली.

नांव मोठें असलें तरी रचना साधी आहे. धातूची नळी, तिच्या मध्यांतून ताणलेली बारीक तार, आंत कमी दाबाचा आर्गॉन वायु, आणि तार व नळी यांच्यामध्यें कांहींशें व्होल्टचा विद्युत्दाब. एक इलेक्ट्रॉन सुटला कीं तो तारेकडे धांवतो, वाटेंत दुसऱ्या अणूंस धडकून नवे इलेक्ट्रॉन मोकळे करतो, तेही तसेंच करतात, आणि क्षणार्धांत विजेचा लोट तारेवर येऊन पडतो. 'टिक्' असा आवाज होतो तो याचाच. आपल्याकडे गवताच्या गंज्या ज्यांनीं पाहिल्या आहेत त्यांस हें सहज समजेल. गंजीस काडी लागो कीं मशाल, एकदां पेटली म्हणजे ज्वाळा सारखीच. म्हणून ही नळी किती किरण आले हें सांगते. ते किती जोमाचे होते हें सांगत नाहीं. हा वणवा विझावा म्हणून आर्गॉनमध्यें ब्रोमीनसारखा वायु किंचित् मिसळलेला असतो.

टिक् ऐकूं येतांच मात्र घाबरूं नये. दगडमातींतील थोरियम-युरेनियम व आकाशांतून येणारे विश्वकिरण यांमुळें ही नळी कोणत्याही गांवीं, अगदीं चिकूच्या वाडींतही, टिकटिकतच राहते. नेहमींच्या आंकड्याहून आजचा आंकडा किती अधिक, हाच खरा प्रश्न. आणि त्यासाठीं वर्षानुवर्षें नोंद ठेवावी लागते.

शांततेवरही भिस्त ठेवूं नये. प्रत्येक टिक्‌नंतर नळीस सावरण्यास सेकंदाचा सुमारें दहाहजारावा भाग लागतो, व तेवढ्यांत आलेला किरण मोजलाच जात नाहीं. मारा फारच तीव्र झाला तर कांहीं यंत्रें गोंधळून अगदींच कमी आंकडा दाखवितात. अशा जागीं आयनीभवन-कोठी वापरतात. तिच्यांत विद्युत्दाब बेताचा असल्यानें लोट उसळत नाहीं. किरणांनीं जेवढे विद्युत्कण उत्पन्न केले तेवढेच गोळा होतात, व त्या मंद प्रवाहावरून माऱ्याचें प्रमाण कळतें. शिवाय अल्फा कण नळीचें धातूचें कवच भेदूं शकत नाहींत. त्यांच्यासाठीं अभ्रकाचा पातळ पडदा लावलेली नळी घेऊन ती पदार्थाच्या अगदीं जवळ, बोटभर अंतरावर धरावी लागते.