गिअरपेटीचे तेल कधी बदलावे?

अमेरिकेतल्या बहुतेक पिकअप ट्रकना क्लचचे पेडल नसते. गिअर आपोआप बदलतात. त्यासाठी गिअरपेटीत खास तेल असते. ते इंजिनाची शक्ती पुढे पोचवते, दाबाने क्लचप्लेटा आवळते, वंगण घालते आणि उष्णताही वाहून नेते. मग ते बदलायचे कधी?

नुसते किलोमीटर मोजून भागत नाही. तापलेल्या तेलाचा हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग होऊन आम्ले आणि चिकट साका तयार होतो. तापमान १० अंश सेल्सिअसने वाढले, की या क्रियेचा वेग साधारण दुप्पट होतो. म्हणजे ९० अंशांऐवजी ११० अंशांवर चालणाऱ्या तेलाचे आयुष्य सुमारे एक चतुर्थांशच उरते! म्हणूनच जड ट्रेलर ओढत डोंगर चढणाऱ्या ट्रकसाठी उत्पादक वेगळी, कमी मुदत सांगतात.

रंगावर विसंबू नये. नव्या तेलाचा तांबडा रंग मुद्दाम मिसळलेला असतो. तेल चांगले असतानाही तो काळपट होऊ शकतो. जळका वास मात्र गंभीर खूण आहे. पण तो येईपर्यंत क्लचप्लेटाही झिजलेल्या असू शकतात. त्याआधीच हिशेब करावा.

विद्यार्थ्यांना विचारा : १२० अंशांवर आयुष्य किती उरेल?